दादाच्या कॅमेऱ्यातला डाग

गुरुवार, १२ फेब्रुवारी. कुंडल.

दादा, आज गिरणी दुपारीच बंद केली. मिरची कांडपाचे दिवस तोंडावर आलेत, बायका पिशव्या घेऊन दारात येतायत. पण तुझा कॅमेरा उद्या सांगलीला दुरुस्तीला न्यायचाय, आणि मिरची उडत असताना तो बाहेर काढायची माझी हिंमत नाही. मधल्या खोलीची खिडकी लावली, धुतलेला पंचा अंथरला, त्यावर कॅमेरा ठेवला. पट्टा काढून साबणाच्या पाण्यात टाकला, कारण त्याला तुझ्या मानेच्या घामाचा वास येत होता. टाकल्यावर लक्षात आलं मी काय केलं ते. तोवर पाणी काळं झालं होतं.

असंच आहे माझं. आधी हात चालतो. आज तुला लिहायला बसलेय तेही या हाताबद्दलच.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर प्राजूनं कॅमेरा माझ्या मांडीवर आणून ठेवला. तुझी लेक, डोळे सुजलेले, पण बोलणं तुझ्यासारखं मुद्द्याचं. "आत्या, पप्पांचा कॅमेरा मी वापरणार आहे. पण बिघडलाय गं. डोळा लावला की सगळं धूसर दिसतं. आणि फोटोत वर उजवीकडं एक डाग येतो. तू सांगलीला दाखवशील का? घेताना तूच होतीस ना बरोबर?"

मी "बरं" म्हणाले. धूसर का दिसतं ते मला माहीत होतं. डाग कशाचा तेही माहीत होतं. वहिनी शेजारीच बसली होती. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी पिशवीची चेन लावली आणि चहा टाकायला उठले.

तुला आठवतं, किती दिवस चालली होती तुझी निवड? फौजेतून हवालदार होऊन आलास, मग साताऱ्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलास. तेही संपलं तेव्हा फोनवर म्हणालास, "शालन, आता बंदूक बास. कॅमेरा घ्यायचा."

"फोनात आहे की कॅमेरा."

"फोन दगड गुळगुळीत करतोय. मला दगड खरबरीत पायजे."

दगड म्हणजे वीरगळ. कुठल्या गावच्या पारावर, कुठं देवळामागं, कुठं शेणाच्या उकिरड्याला टेकून उभे असलेले, लढून मेलेल्या माणसांचे दगड. तळाला पडलेला गडी, त्याच्यावर लढाई, त्याच्यावर महादेवाची पिंड, आणि अगदी वर चंद्र-सूर्य. तू म्हणायचास, "ह्यांची नावं कुणालाच ठावं न्हाईत. निदान फोटू तरी असावा गड्यांचा." मला त्यात काही कळत नव्हतं. पण वहिनी म्हणाली होती की नोकरी सुटल्यापासून तू दिवसभर दारातल्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसतोस, अजून पहारा असल्यासारखा. म्हणून मी म्हटलं, घे.

तू वहीत रकाने आखलेस. रोज संध्याकाळी फोन. हा जुन्या पद्धतीचा नाही, ह्यात आरसा नसतो, काचेच्या मागं थेट सेन्सर, चित्र टिपणारा तुकडा, म्हणून अंगानं लहान. ह्याचा सेन्सर मोठा, त्याचा मध्यम. ह्याला दोन चाकं, त्याला एकच. मी मिरचीचे देठ खुडत फोन कानाला लावून ऐकायची. तुझं मन मोठ्या सेन्सरवर बसलं होतं. त्याची लेन्सही तेवढीच थोराड.

"वजन किती दोन्हीचं मिळून?"

"दीड किलूच्या आसपास. काय न्हाई ते. मी बंदूक वागवली हाय."

"तेव्हा मणक्यात गॅप नव्हती तुझ्या."

त्या आठवड्यात मी साताऱ्याला आले ती दोन पिशव्या घेऊन. एकीत दीड किलो लवंगी मिरची, दुसरीत त्याच्या निम्मी. दोन्हींना सुतळीचा पट्टा. मोठी तुझ्या गळ्यात अडकवली आणि म्हटलं, अजिंक्यताऱ्यावर जाऊन ये. तू गेलास! माणसं बघत होती म्हणे. एक जण म्हणाला, "काका, नवस हाय का?" दीड तासानं आलास तो शिंकत, डोळे लाल, मान एका बाजूला. दुसरी पिशवी न घेताच वहीत जाऊन मोठ्या सेन्सरच्या रकान्यावर पट्टी ठेवून सरळ काट मारलीस. वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. तो ठसका मिरचीचाही असेल.

सांगलीच्या दुकानात दुकानदारानं तीन कॅमेरे मांडले. मधला उचलून म्हणाला, "हा घ्या काका. अगदी शिकाऊ न्हाई, धंदेवाल्यांचा बी न्हाई. हौशी माणसांचा हाय."

"हौशी म्हंजे? मी काय नाटकात काम करतोय व्हय?"

"आवं तसं न्हवं. ज्याला मनापासून पायजे त्याचा. हात हलला तरी आतला सेन्सर तोल सावरतोय ह्यात."

"माझा हात हलत न्हाई," तू म्हणालास. आणि तो हातात घेतलास तेव्हा तुझा हात हलत होता, दादा. थोडासाच. मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तूही पाहिलंस. दुसरे दोन कॅमेरे बाजूला सारलेस.

मग डोळा लावलास आणि चेहरा पडला. "ह्यात तर धुकं हाय सगळं." दुकानदारानं डोळा लावायच्या खिडकीशेजारचं एक एवढंसं चाक दाखवलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. "हे फिरवा. तुमच्या डोळ्याच्या नंबराला लावून घ्या." तू चष्मा लावायला कायम नकार दिलेला माणूस. तू चाक फिरवलंस, कट कट कट, आणि थांबलास. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचायला लागलास. सगळी. खालची बारीकसुद्धा. दुकानातली माणसं वळून बघत होती आणि तू शाळेतल्या पोरासारखा पाटी वाचत होतास. तुला इतकं खूश मी तुझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

घरी आणल्यावर मात्र तुझं त्याच्याशी जमेना. त्या खिडकीत जे दिसतं ते खरं नाही, तो आतला पडदा आहे, हे तुला खटकलं. उजेडाचं चाक फिरवलं की आत जग काळं होतं, उलटं फिरवलं की पांढरं. "हे जग न्हवं शालन. हे कॅमेऱ्याचं मत हाय. नेम धरताना बंदुकीच्या माशीतनं दिसायचं ते खरं दिसायचं."

मी म्हटलं, "खरं बघायचं तर डोळा काढ बाहेर आणि बघ. फोटो कसा येणार ते आधीच कळतंय, वाईट काय त्यात?"

"आधीच कळलं तर मग काढायचा कशाला?"

हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. गेल्या महिन्यात फोनवर तू परत काढलंस. मी म्हटलं, "दादा, गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू." गिऱ्हाईक होतं, खोटं नव्हतं. ते शेवटचं बोलणं.

पण शिकलास तू. पहाटे उठून जायचास, कारण तिरपं ऊन असलं तरच दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं. महाबळेश्वरच्या बाजूला थंडीत गेलास तर बॅटऱ्या अंगातल्या स्वेटरच्या खिशात ठेवायचास, छातीच्या उबेला. थंडीत लवकर उतरतात म्हणे, पहाऱ्यावर शिकला होतास. एकदा माझ्या गिरणीत आलास. मी नाकातोंडाला पंचा गुंडाळून मिरची कांडत होते, नुसते डोळे बाहेर. कॅमेऱ्यानं लगेच माझ्या डोळ्यावर चौकट धरली. तू हसून हसून भिंतीला टेकलास. "बघ, ह्यालाबी तुझा डोळाच घावला. सगळ्यांस्नी त्योच घावतोय."

आता ते सांगते जे सांगायला बसले आहे.

गेल्याच्या आदल्या खंडेनवमीला मी माहेरपणाला साताऱ्याला होते. आपल्या घरी हत्यारांना कुंकू माहेरवाशिणीनं लावायचं, आबांपासून चालत आलेलं. कोयता, विळा, पान्हे, आबांची फौजेतली पेटी, सगळं मांडलं होतंस. आणि मधोमध पांढऱ्या कापडावर कॅमेरा. पण तू तो फौजी पद्धतीनं मांडलास. पलटणीत हत्यार पूजेला उघडून ठेवायचे ना, एकेक भाग ओळीनं, साहेबाला तपासायला ठेवल्यासारखे? तशी लेन्स काढून उजवीकडं, झाकण तिच्याखाली, आणि कॅमेरा आडवा, तोंड आभाळाकडं, आ वासून. आत तो निळसर हिरवा चकाकणारा सेन्सर उघडा. आरसा नाही, पडदा नाही. मला काय माहीत तो डोळ्याच्या बुबुळासारखा नाजूक असतो? पण माझी सबब तिथंच संपते. पावडर कशी उडते, कुठं शिरते, कशाला चिकटते, हे वीस वर्षं कांडप गिरणी चालवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.

तू नारळ आणायला आत गेला होतास. मी कोयत्यावर कुंकू टाकलं, विळ्यावर टाकलं, आणि त्याच चिमटीनं कॅमेऱ्यावर. वरून. दोन-तीन कण आत पडताना मी पाहिले. स्पष्ट पाहिले. लाल, त्या निळ्यावर. मी वाकले आणि फुंकर मारली. गिरणीत आम्ही सगळ्यालाच फुंकर मारतो. दोन उडाले. एक चिकटला. तोंडातलं थुंकीचं काही उडालं असणार, ओला होऊन बसला.

तू नारळ घेऊन आलास. "झालं का गं?"

"झालं," मी म्हणाले.

तू लेन्स बसवलीस, फिरवून कट्ट करून, आणि कॅमेऱ्याला हात जोडलेस.

महिन्याभरानं तुझा फोन. आवाज खाली गेलेला. "शालन, घात झाला. आभाळात डाग येतोय. प्रत्येक फोटूत, एकाच जागी." दगडावर तो लपायचा, मागचं आभाळ आलं की दिसायचा. वीरगळाचा फोटो काढलास की वर चंद्र, सूर्य आणि शेजारी हा तिसरा. उजेडाचं छिद्र बारीक केलं की ठळक, मोठं केलं की नाहीसा. तू सगळं तपासलं होतंस. कॅमेऱ्याला स्वतःचं अंग झटकायची सोय असते, ती दहादा वापरली होतीस. प्राजू सांगते, तू त्याला हातात धरून म्हणत होतास, "झटक गड्या, झटक." रबरी फुग्यानं हवा मारलीस. काही हललं नाही.

मी म्हटलं, "कशानं झालं असेल?" हे मी म्हटलं, दादा. मी.

"माझीच चूक. पठारावर वाऱ्यात लेन्स बदलली. वाऱ्यात हत्यार उघडायचं नसतं, रंगरूटाला बी कळतंय. मी उघडलं."

"साफ करून आण की सांगलीहून."

"न्हाई. राहूदे. शिक्षा हाय ती मला."

मी म्हटलं, "एवढासा ठिपका, कोण बघतंय." आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून तू बाहेर लेन्स बदलणं सोडलंस. लांबचं काढायची लेन्स घरी पेटीत राहिली. कॅमेरा सुती कापडात, ते प्लॅस्टिकमध्ये, ते पिशवीत. तुला मी त्या पिशव्यांच्या गाठी सोडताना बघितलंय, थरथरत्या हातानं, ऊन वर चढत असताना. तिरपं ऊन निघून जायचं आणि तू गाठी सोडत असायचास. किती दगडांचे फोटो राहिले असतील त्यात? तू कधी कुरकुर केली नाहीस. चूक तुझी होती ना.

मी का नाही बोलले? रागावशील म्हणून नाही. तू मला लहानपणापासून एकदाही रागावला नाहीस, रागवायची मी. पहिल्या दिवशी बोलले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी अवघड झालं, एवढंच. मग ते रोज थोडं थोडं जड झालं. माझ्या तोंडावर लोक म्हणतात, शालनबाई फटकळ आहे, पोटात काही ठेवत नाही. हे एक ठेवलं होतं.

आणि आता मला झोप येऊ देत नाही ते वेगळंच आहे. गेल्या खंडेनवमीला मी परत आले. या वेळी तू कॅमेरा लेन्स लावून ठेवला होतास, झाकण घट्ट, वर रुमाल. मी ताट घेऊन पुढं झाले तर तू कोयता पुसत, मान वर न करता म्हणालास, "शालन, यंदा लांबनंच अक्षता टाक."

लांबनंच. बस, एवढंच. पुढं कोयता पुसत राहिलास.

तुला माहीत होतं का, दादा? कधीपासून? भिंगातून बघितलंस का, लाल दिसला का? की नुसती खबरदारी होती, फौजी माणसाची? माहीत होतं तर मग शिक्षा कुणाची भोगत होतास? मी लांबूनच अक्षता टाकल्या. दोन दाणे उंबऱ्यावर पडले. त्या क्षणी विचारता आलं असतं. ताट खाली ठेवायचं आणि म्हणायचं, दादा, ते मी केलं. अर्धं मिनिट लागलं असतं. तुझ्याकडं तेव्हा तीन महिने होते, आपल्याला दोघांना वाटत होतं वीस वर्षं आहेत.

त्याच दुपारी तू कॅमेरा माझ्या हातात दिलास. "काढ माझा एक." मी डोळा लावला तर सगळं धूसर. चाकाकडं बोट नेलं तर तू ओरडलास, "आगं, त्या चाकाला हात लावू नको! तितं माझा डोळा बसलाय."

"मग मी काय आंधळ्यागत काढू?"

"काढ. तुला नसंल दिसत, त्याला दिसतंय."

तू म्हणजे एक खाकी ढग दिसत होतास. मी दाबलं. फोटो लख्ख आला. मिशीचा केस न् केस. हसताना तुझा डावा डोळा बारीक होतो तो झालेला. तोच फोटो आता तुमच्या भिंतीवर आहे, हारासकट. तेराव्याला सगळे विचारत होते, इतका छान कुणी काढला. वहिनी म्हणाली, हिनं. मी म्हटलं नाही की मला त्यात तू दिसतच नव्हतास.

वहिनीनं तुझा स्वेटर मला दिला. खिशात बॅटरी होती, डाव्या खिशात. घरी येऊन मी ती कॅमेऱ्यात घातली. कॅमेरा चालू झाला. तुझ्या छातीची ऊब कधीच गेली होती, पण तिच्यात अजून भरपूर शिल्लक होती.

मघाशी पट्टा पिळून वाळत घातला. आता एकदा डोळा लावला. या खोलीतली सगळी भांडी, फडताळ, दोरीवरचे कपडे, धुकं. प्राजूला वाटतं बिघाड आहे. बिघाड नाही, तो तू आहेस. तुझा नंबर आहे. तुला इथून जे लख्ख दिसलं असतं ते मला दिसत नाही, एवढंच. मी बराच वेळ डोळा लावून बसले. चाकाला हात लावला नाही.

उद्या पहिल्या गाडीनं जायचं.

शुक्रवार.

सकाळी सांगलीला गेले. दुरुस्तीवाल्यानं लेन्स काढली, दिव्याखाली धरून भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "ताई, ही माती न्हवं. लाल काय तरी हाय."

"कुंकू आहे," मी म्हणाले. "खंडेनवमीला मी टाकलं. वर फुंकर मारली, म्हणून चिकटलं."

"फुंकरंनं घात केला बघा."

"माहीत आहे."

मागच्या बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी ऐकलं. बरं झालं.

त्यानं काडीला कापड गुंडाळून, औषध लावून एकदाच पुसलं. दीड वर्षाचा डाग पाच मिनिटांत गेला. मग डोळा लावून म्हणाला, "धूसर दिसतंय, हे चाक ठीक करून देतो," आणि बोट पुढं केलं.

"चाकाला हात लावायचा नाही," मी म्हणाले. जरा मोठ्यानं म्हणाले असेन. त्यानं बोट मागं घेतलं. मी त्याच्याकडून चिकटपट्टीचा एक तुकडा मागून घेतला आणि चाकावर लावला. प्राजूला जेव्हा फिरवायचं तेव्हा ती फिरवेल. पण आधी तिनं एकदा तसंच बघावं, म्हणजे तिला कळेल.

बाहेर रस्त्यावर येऊन कॅमेरा वर धरला. धुक्यातलं धुकं दिसत होतं. दाबलं. मागच्या पडद्यावर फोटो आला. वर उजव्या कोपऱ्यात बघितलं, मोठं करून बघितलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. आभाळात काहीच नव्हतं, दादा.

कॅमेरा कापडात, कापड पिशवीत. गिरणीवर बायका वाट बघत असतील, त्यांना फोन करून उद्या या म्हटलं, आणि कुंडलची गाडी सोडून साताऱ्याची धरली. वहिनीला आणि प्राजूला हे समोर बसून सांगायचंय.